चूल बाजूला ठेवून

सांगलीच्या हळदपेठेत माझ्या आजोबांनी उभं आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, पण स्वतःच्या पैशाने हळदीचा एकही वायदा केला नाही. काका याला भित्रेपणा म्हणत, आणि तेही आजोबांच्या तोंडावर. पेढीवर बसून तेजीमंदीचा वास दलालांच्या आधी घ्यायचा आणि संध्याकाळी घरी येऊन पगारातले पाच रुपये पोस्टाच्या पासबुकात टाकायचे, हा काय व्यवहार झाला? आजोबा चिडत नसत. चष्मा पुसत म्हणत, "तेजी येणार हे मला कळतं. ती यायच्या आत देणेकरी दारात उभा राहील, हेही कळतं."

वायद्याची हवा तेव्हा अख्ख्या सांगलीला लागलेली होती. मसाले आणि तेलबियांचा रीतसर एक्स्चेंज गावात होता, आणि हळदीच्या भावात सांगलीचा शब्द देशभर चाले. चहाच्या टपरीवरचा पोऱ्यासुद्धा आजचा भाव सांगे. साहजिकच आजोबांच्या गोष्टींत राजे-राक्षस नसत, व्यापारी असत. रात्री वीज गेली की माडीवर सतरंजी पडे आणि आम्ही भावंडं "पेवाची सांगा, पेवाची" म्हणून त्यांच्यामागे लागत असू.

पेव म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या मातीत पाणी झिरपत नाही, म्हणून तिथे जमिनीच्या पोटात खड्डे खणून हळद साठवत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं अरुंद आणि आत पोट फुगलेलं. तळाला, कडांना पाला आणि चटया लावायच्या, वर हळद मोकळीच ओतायची, शेदोनशे पोती सहज मावत. मग तोंडावर फरशी, त्यावर माती, आणि सगळं लिंपून टाकायचं. किडीला हवा मिळत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते, रंगही सुटत नाही. पेव उघडायचं तेव्हा मात्र घाई नडे. तोंड उघडून बराच वेळ थांबावं लागे, मग दोरीला कंदील बांधून आत सोडत. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. आजोबा हे सांगताना हात खाली सोडून बोटं अशी हलवत की आम्हाला ती ज्योत दिसे.

गोष्ट दोन व्यापाऱ्यांची. दोघांनी एकाच हंगामात, एकाच भावाने राजापुरी हळद घेऊन हरिपूरच्या शेजारशेजारच्या पेवांत भरली. दोघांचा अंदाज एकच, की दोन वर्षांत माल कमी पडेल आणि भाव चढेल. पहिल्याचं घर अडतीच्या कमिशनवर आणि दोन गाळ्यांच्या भाड्यावर चाले. दुसऱ्याने पेवातल्या हळदीवर बँकेचं कर्ज काढलं आणि त्या पैशाने आणखी हळद भरली. पहिल्या वर्षी भाव खाली आला. दुसऱ्या वर्षी आणखी खाली. बँकेने दुसऱ्याला निरोप धाडला, तारण कमी पडतंय, एक तर पैसे भरा नाही तर माल काढा. त्याने पेव फोडलं, पडत्या भावात हळद विकली, वर घर गहाण पडलं. त्यानंतरच्या हंगामात आंध्रातून माल कमी आला आणि भाव दुपटीच्या पुढे गेला. पहिल्याने तेव्हा कंदील सोडला.

"हळद तीच, पेव तेच, अक्कलही तेवढीच," आजोबा म्हणत. "मग फरक कशाचा?" आम्ही म्हणायचो, नशिबाचा. ते मान हलवत आणि गोष्ट तिथेच सोडत. पैसे गुंतवण्याविषयी मी पुढे बरंच काही वाचलं, त्यातलं पुष्कळसं या गोष्टीवरचं भाष्यच निघालं.

पेठेत त्यांचा शब्द चाले तो हिशेबापायी, पण बाजाराच्या दिवशी दुपारी माणसं येत ती सल्ल्याला. तासगाव, कवठेमहांकाळकडचा एखादा शेतकरी, पट्टीचे पैसे धोतराच्या सोग्यात बांधलेला. "दिवाणजी, ह्ये कुठं ठिवू?" आजोबा पैशाबद्दल काहीच बोलत नसत. खाणारी तोंडं किती, थोरलीचं लग्न कधी, विहिरीला पाणी केवढ्यावर लागलं, बैलजोडी अजून किती ओढेल, भावकीत वाटणीचा वाद आहे का, असं अर्धा तास चाले. मग म्हणत, "आता पुढच्या दोन सुगीची चूल बाजूला काढ." तेवढे पैसे खरोखर मोजून वेगळे ठेवायला लावत. उरलेल्यावर बोट ठेवून विचारत, "यातलं निम्मं गेलं तर बायकोला काय सांगशील?" आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसत. उत्तर तो काय देतो याला फारसं महत्त्व नसे. नजर खाली गेली की आजोबा पोस्टाचा रस्ता दाखवत. कुणी हसून "सांगंन की, गेलं म्हणून" म्हणाला, तर त्याच्याशी म्हशीबद्दल, जमिनीच्या तुकड्याबद्दल, किर्लोस्करांच्या शेअरबद्दल बोलणं निघे. किर्लोस्कर ब्रदर्स 1920 सालीच लिमिटेड कंपनी झालेली आणि किर्लोस्करवाडी आमच्या उशाशी, तेव्हा 'शेअर' हे प्रकरण आमच्याकडे मुंबईइतकं परकं नव्हतं.

मुंबईचं शेअर-प्रकरण घरात वेगळ्या वाटेने आलं होतं. आजोबांच्या आईचं माहेर गिरगावचं. तिच्या आजोबांना घरात 'बॅकबेवाले' म्हणत, आणि हा काही मानाचा किताब नव्हता. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाचे भाव आभाळाला टेकले. शहरात पैसा मावेना, तेव्हा नव्या बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या 5,000 रुपये भरलेल्या शेअरची किंमत 50,000 च्या वर गेली. शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे हुंडी. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतला, आईच्या नावाचा. हे बॅकबेवाले आजोबा फोर्टात कापसाच्या एका पेढीवर कारकून होते. बायकोचे दागिने आणि गावाकडची जमीन त्यांनी शेअरांत घातली.

एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेच्या सेनापती ली यांनी शस्त्रं खाली ठेवली आणि कापसाचा भाव कोसळला. 1 जुलै 1865 हा सगळ्या वायद्यांच्या हिशेबाचा दिवस होता. त्या दिवशी मुंबईत कोण कुणाला पैसे देणं लागतो एवढंच शिल्लक होतं, देणारा कुणीच नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा 2,850 ला गेलेला शेअर 87 रुपयांवर आला. पुढे ती बँकच गुंडाळली गेली. डॉ. भाऊ दाजी लाडांसारख्या विद्वानाचीही पुंजी यात गेली. दिनशा वाच्छा यांनी या सगळ्यावर 1910 साली एक अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात मोठमोठी नावं आहेत. आमच्या कारकुनाचं नाव अर्थातच त्यात नाही. पण घरातली कथा एका बाबतीत मला वाच्छांच्या इतकीच मोलाची वाटते. शेअर बुडाले ते खरं दुःख नव्हतं, असं आजोबांची आई सांगे. शेअर बुडाले त्याच महिन्यात पेढीही बसली आणि नोकरी गेली. पगार कापसाचा, आणि बचतही कापसाच्याच जोरावर फुगलेल्या कंपन्यांत. चूल आणि पेटी, दोन्ही एकाच खुंटीला टांगलेल्या.

आजी या कथेच्या शेवटी हमखास स्वतःच्या पाटल्यांवरून हात फिरवी. तिची सगळी श्रद्धा सोन्यावर. 1962 च्या चीन युद्धात राष्ट्रीय संरक्षण निधीला तिने एक अंगठी दिली होती, आणि त्याचा तिला अभिमान होता. पण त्यानंतर दोनच महिन्यांत, जानेवारी 1963 मध्ये, मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण आणलं. 14 कॅरटहून जास्त कसाचे नवे दागिने घडवायचे नाहीत, दागिने सोडून दुसरं सोनं असेल तर ते जाहीर करा. देशभर सोनार बेकार झाले. आमच्या सराफकट्ट्यावरचा एक कारागीर, ज्याने आजीची बोरमाळ घडवली होती, तो पुढे पिठाच्या गिरणीवर पट्टा बदलताना दिसू लागला. आजी दळण घेऊन गेली की त्याच्याकडे बघायची नाही. 14 कॅरटची अट तीन-चार वर्षांत सुटली, पण 1968 साली कायदा झालाच, आणि तो 1990 पर्यंत होता.

आजीला यातून एवढंच कळलं की सरकार वाईट. मला त्यात आणखी एक दिसतं. सोन्याला भीती भावाचीच असते असं नाही. ते मोडायची वाट कधीकधी कायद्याने अडते, कधी मनाने. तिच्या पाटल्या तिने कधीच मोडल्या नसत्या. मग त्या गुंतवणूक कशा? आणि भावाचं म्हणाल तर जानेवारी 1980 मध्ये औंसाला 850 डॉलर गाठलेलं सोनं वीस वर्षांनी 300 डॉलरच्याही खाली होतं. आपल्याकडे रुपयाच घसरत राहिल्याने ती पडझड घरात कुणाला जाणवली नाही. सोनं कधी पडत नाही असं ज्या पिढीने छातीठोक सांगितलं, तिला रुपयाने वाचवलं.

वडिलांचा स्वभाव या सगळ्याच्या पलीकडचा. पाटबंधारे खात्यात नोकरी, आणि ज्याचा आकडा आधी छापलेला असतो तेवढ्यावरच विश्वास. विम्याची पॉलिसी, भविष्यनिर्वाह निधी, पोस्ट, आणि दाराशी येणाऱ्या एजंटाकडे रोजची पिग्मी. 1974 साली महागाईने कहर केला तेव्हा सरकारने वाढीव महागाई भत्त्यातला अर्धा वाटा सक्तीच्या ठेवीत अडकवला, त्याचीही वडिलांनी तक्रार केली नाही. साठतंय ना, म्हणाले. त्यांच्या बाजूने बोलायचं तर त्यांचा काळही तसाच होता. पीपीएफला 1986 पासून जानेवारी 2000 पर्यंत 12 टक्के व्याज मिळत होतं, किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत दुप्पट होई. आज पीपीएफ 7.1 टक्क्यांवर आहे. सुरक्षित राहून पैसा वाढवता येण्याचा तो काळ होता, आणि त्या काळाला वडील स्वतःचं शहाणपण समजत.

वडिलांचा पैसा बुडाला नाही, विरघळला. लग्न झालं तेव्हा त्यांनी दहा हजारांची पॉलिसी घेतली. तेवढ्या पैशात गावात दोन खोल्यांचं घर झालं असतं. पॉलिसी पिकून हातात आली तेव्हा त्यातून न्हाणीघराला फरशी आणि स्वयंपाकघराला ओटा झाला. आई तो ओटा पुसताना म्हणे, "हा तुमच्या वडिलांचा बंगला." आणि मग निवृत्तीनंतर एका सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि त्यांची ठेव अडकली. ठेवींचा विमा हा प्रकार देशात 1962 साली आला, तो पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक 1960 मध्ये बुडाल्यानंतर. सुरुवातीला त्याची मर्यादा 1,500 रुपये होती. वडिलांच्या वेळी ती लाखाची होती, 5 लाखांची झाली 2020 मध्ये. लाखाच्या आतली रक्कम होती म्हणून सगळी परत मिळाली, पण वर्षं गेली. युनिट ट्रस्टची यूएस-64 ही तर 1964 पासून निवृत्तांची लाडकी योजना. शेअरांत पैसा असूनही ती बँकेच्या ठेवीसारखीच आहे असं दोन कोटी माणसं धरून चालली होती. जुलै 2001 मध्ये तिची खरेदी-विक्रीच थांबवली गेली, तेव्हा आपण नेमकं काय घेतलं होतं हे लोकांना वर्तमानपत्रातून कळलं.

माझं खरं कुतूहल मात्र आत्या आणि काकांबद्दल आहे. दोघं सख्खी भावंडं, आणि दोघांकडे पाहून कुणाचाही अंदाज चुकावा.

आत्या तिशीच्या आत विधवा झाली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाली. रस्ता ओलांडताना माझा हात ती धरी, मी तिचा नाही. एसटीत खिडकीशी बसत नसे. या आत्याकडे घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त शेअर होते. झालं असं की 1973 च्या परकीय चलन कायद्याने परदेशी कंपन्यांना इथल्या कंपनीतला हिस्सा कमी करावा लागला, आणि सत्तरीच्या शेवटी त्यांचे शेअर सामान्य माणसाला, सरकारी नियंत्रकाने ठरवलेल्या कमी भावात मिळू लागले. 1978 साली कोलगेटचे निघाले. शाळेतल्या हेडमास्तरांनी अर्ज भरला, त्यांचं बघून आत्याने. आधी आजोबांना विचारलं. आजोबांनी नेहमीचे प्रश्न विचारले. पगार दरमहा, पेन्शन पक्की, घर वडिलांचं, मूल नाही, देणं नाही. "यातलं निम्मं गेलं तर?" आत्या म्हणाली, "शाळा तर उद्या भरणारच आहे." आजोबांनी तिला अडवलं नाही. उलट दर वर्षी पगारातला तिसरा हिस्सा अशा कामाला लाव म्हणाले. घरात सगळ्यांना धक्का बसला होता.

पुढे बोनसवर बोनस आले. लाभांशाचे वॉरंट यायचे ते ती टाचणीने एकत्र लावून शाळेच्या हजेरीपटाच्या जुन्या पुठ्ठ्यात ठेवी. भाव बघत नसे. बघायचा कुठे हेच तिला ठाऊक नव्हतं, आणि ते बरंच झालं. 1992 ची तेजीमंदी आली आणि गेली, तिला पत्ता नाही. कागदी शेअर डीमॅट करायची वेळ आली तेव्हा सही जुळेना म्हणून मी तिच्याबरोबर बँकेत गेले होते. आकडा ऐकून तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे हे सगळं माझं?"

काका गावातले धाडसी. कृष्णेच्या पुरात पुलावरून उडी टाकणारे. गणपती पेठेत स्टीलच्या भांड्यांचं दुकान, अर्धा माल उधारीवर. लग्नसराई चांगली गेली तर वर्ष बरं, पाऊस पडला नाही तर तळाला. चुलत बहिणीच्या लग्नाची रक्कम त्यांनी बाजूला ठेवली होती. 1991 च्या हिवाळ्यापासून बाजार चढू लागला आणि दुकानात गिऱ्हाइकापेक्षा शेअरवाले जास्त दिसू लागले. स्टेशनरीच्या दुकानात नव्या कंपन्यांचे फॉर्म मिळत, चांगल्या कंपनीचा फॉर्मसुद्धा जादा पैसे मोजून. काकांनी लग्नाची रक्कम घातली, मग भांड्यांच्या व्यापाऱ्याला द्यायचे पैसे थांबवून तेही घातले. 22 एप्रिल 1992 रोजी सेन्सेक्स 4,467 वर गेला. दुसऱ्या दिवशी पत्रकार सुचेता दलाल यांची शेअरदलाल हर्षद मेहताच्या व्यवहारांवरची बातमी छापून आली. वर्षभरात सेन्सेक्स निम्म्याहून खाली होता. चुलत बहिणीचं लग्न 1993 च्या मे महिन्यात ठरलं होतं.

सप्टेंबर 1994 मध्ये सेन्सेक्स पुन्हा जुन्या उंचीच्या वर गेला. काकांनी धरलेले सगळेच कागद त्याबरोबर वर आले असते असं नाही, काही कंपन्या तर दिसेनाशाही झाल्या. पण वर आले असते तेही तेव्हा काकांकडे नव्हते; मुलीच्या लग्नाआधी विकून झाले होते. पेवाची गोष्ट त्यांनी आमच्याहून जास्त वेळा ऐकली होती.

धाडस वेगळं आणि झेपणं वेगळं, हे या दोघांमुळे मला दिसलं. हल्ली फॉर्मवर प्रश्न असतो, तुम्ही जोखीम किती घेऊ शकता? काका तिथे सगळ्यात वरच्या चौकोनावर खूण करतील, आत्या सगळ्यात खालच्या. दोघांचीही उत्तरं प्रामाणिक असतील आणि दोघांनाही चुकीचा सल्ला मिळेल. आत्याच्या चुलीला पेन्शन होती, ती कधी न विझणारी. तिच्या बाकी पैशाला वाट बघण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. काकांची चूलच दर लग्नसराईला नव्याने पेटायची. त्यांची पेटी बँकेत आणि पोस्टात असायला हवी होती, आणि उडी मारायची हौस कृष्णेत भागत होतीच.

माझा भाचा हिंजवडीत नोकरी करतो. त्याने मागच्या वर्षी एका ॲपवर असाच प्रश्नसंच भरला. बाजार 20 टक्के पडला तर काय कराल? त्याने लिहिलं, आणखी घेईन. ॲपने त्याला 'आक्रमक' ठरवून 90 टक्के शेअर सुचवले. मी त्याला विचारलं, 23 मार्च 2020 ला तू काय करत होतास? त्या एका दिवशी सेन्सेक्स 3,900 अंकांहून जास्त, म्हणजे 13 टक्क्यांनी पडला होता. म्हणाला, मावशी, तेव्हा मी कॉलेजात होतो. म्हणजे पडलेला बाजार त्याने आलेखावर पाहिला आहे. 2008 च्या जानेवारीत सेन्सेक्स 21,000 च्या वर होता आणि मार्च 2009 मध्ये 8,100 च्या आसपास, हेही त्याला पाठ आहे. आलेखावर ती घसरण बोटभर दिसते. जगताना तिला चौदा महिने लागले, आणि त्या चौदा महिन्यांत सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरकपातीच्या बातम्या रोज होत्या. हे मी मुद्दाम सांगितलं, कारण त्याच्या 90 टक्क्यांत निम्म्याहून जास्त सॉफ्टवेअर कंपन्यांचे शेअर, त्यात त्याच्या स्वतःच्या कंपनीचेही. मी त्याला बॅकबेवाल्यांची गोष्ट सांगितली. कापसाच्या जागी कोड घातला की झालं.

मग आम्ही ॲप बंद करून आजोबांच्या पद्धतीने बसलो. शेअर वाईट काळात निम्मे होतील असं धरून चालायचं. 2008 मध्ये त्याहूनही वाईट झालं होतं. आपल्या एकूण पैशातला चौथा हिस्सा गेलेला बघवत असेल तर शेअर निम्म्याच्या वर नकोत, तिसरा हिस्सा बघवत असेल तर दोनतृतीयांश. एवढा साधा हिशेब. पण त्याआधी चूल. त्याचा घरकर्जाचा हप्ता, आईचं औषधपाणी, आणि तीन वर्षांत लग्न करायचं म्हणतोय ते. या सगळ्याचे पैसे आधी वेगळे काढले, तेव्हा 'आक्रमक' व्हायला जे उरलं ते त्याच्या कल्पनेच्या निम्मं होतं. शंभरातून वय वजा करा आणि तेवढे टक्के शेअर ठेवा, असा एक ठोकताळा सांगतात. आत्याला तो लावला असता तर तिचं नुकसान झालं असतं, काकांना लावला असता तरी ते बुडालेच असते. वय कळलं म्हणजे माणूस कळला, असं आजोबांच्या पेढीवर कुणी मानलं नसतं.

हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 साली गुंतवणुकीचे वाटे कसे करावेत याचं गणित मांडलं, त्याबद्दल 1990 मध्ये नोबेल मिळवलं. स्वतःच्या निवृत्तीच्या पैशाचं मात्र त्यांनी अर्धं शेअर, अर्धं रोखे असं सरळ केलं होतं. पुढे कुठल्याही बाजूने पस्तावायला लागू नये म्हणून, असं त्यांनीच सांगितलं. आजोबांना हे सांगता आलं असतं तर ते हसले असते.

वाटे करून भागत नाही, ते दर वर्षी पुन्हा तपासावे लागतात, कारण जो वाटा वाढतो तोच आपल्याला आवडू लागतो. पेठेत ते काम पाडव्याला होई. वहीपूजन झालं की आजोबा आमच्या घरचीही वही काढत आणि कुठला वाटा फुगलाय ते बघत. एका पाडव्याला त्यांनी आत्याचे काही शेअर विकायला लावून पोस्टात घातले, तेव्हा ती रुसली होती. भाव चढता असताना विकायचं? आजोबा म्हणाले, म्हणूनच. यापलीकडे त्यांनी कधी कारण दिलं नाही.

पेवं मात्र संपली. 2005 च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. ज्या मातीत पाणी झिरपत नाही म्हणून पेवं खणली, तिथे पाणी वरून, तोंडातून आलं. आजोबा तेव्हा नव्हते. हळद आता गोदामांत आणि शीतगृहांत राहते, वायदा 2004 पासून मुंबईच्या संगणकावर चालतो, आणि 2010 मध्ये क्विंटलला पंधरा हजारांच्या पुढे गेलेला भाव 2012 मध्ये चार हजारांच्या आसपास आला तेव्हा पेठेत जुनीच गोष्ट नव्या माणसांच्या बाबतीत घडली.

भाच्याने शेवटी 55 टक्के शेअर ठरवलेत, त्यातले बहुतेक निर्देशांकाच्या फंडात, आणि स्वतःच्या कंपनीचे विकायला काढलेत. बाकी पीपीएफ आणि मुदत ठेव, दोन वेगवेगळ्या बँकांत, प्रत्येकी 5 लाखांच्या आत. सोन्यावर अडलंय. तो पाच टक्के म्हणतो, त्याची आई वीस म्हणते आणि तेही दागिन्यांत, आणि होणाऱ्या सुनेकडचं म्हणणं अजून कुणी विचारलेलं नाही. पुढच्या रविवारी सगळे सांगलीला येणार आहेत, तेव्हा बोलू असं ठरलंय. आत्याला मी कळवलंय. ती म्हणाली, मला नव्वदीत कशाला विचारता, पण येताना वही घेऊन या.